घराणे, रक्त आणि हृदय

कोल्हापूरच्या गादीवर दत्तक वारंवार आले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. दत्तकविधानाने माणसाचे नाव बदलते, घराणे बदलते, श्राद्ध कोणाचे घालायचे तेही बदलते. जन्मदात्यांची जनुके मात्र जशीच्या तशी सोबत येतात.

हृदयविकारात रक्ताचा वाटा किती आणि घरच्या वळणाचा किती, हे वेगळे काढायला दत्तकांइतका चांगला आधार नाही. डेन्मार्कमध्ये सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली असाच अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्या आईवडिलांपैकी एक जण पन्नाशीच्या आत हृदयाच्या वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेला असेल, तर परक्या घरात वाढलेल्या मुलालाही तशाच मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट होता. ताट वेगळे, चूल वेगळी, तरीही.

हे ऐकून कुणाचाही धीर खचेल. आपल्याकडे मग दोन बोलणी कानावर येतात. एक, ‘आमच्या घरात हार्टचं आहेच, चुकणार थोडंच?’ आणि दुसरे, ‘आजोबांनी तांबडा-पांढरा ओरपून नव्वदी गाठली, आम्हाला काय होतंय!’ पहिला भीतीने तपासणी टाळतो, दुसरा भरवशाने. दोघेही एकाच माणसाच्या आयुष्यावरून स्वतःचा निकाल लावून मोकळे होतात, आणि मला ते धोक्याचे वाटते. आजोबांची जनुके नातवाकडे सरासरी पाव हिश्श्यानेच येतात. त्यांची नांगरट आणि मैलोन्‌मैल चाल तर मुळीच येत नाही.

शिवाय ‘हार्टचे जनुक’ असे एकच काही नसते. फार थोड्या घरांत एकाच जनुकातला बिघाड भारी पडतो. वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून उचलून घेणारी यकृताची यंत्रणा जन्मतःच अधू असते. असा माणूस साधारण अडीचशे-तीनशेंत एक सापडतो आणि त्याच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाकीच्यांत शेकडो बारीक फरकांची बेरीज चालते. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर असा एक फरक सापडला. तो जिथे आहे तिथे प्रथिन बनवणारे जनुकच नाही, आणि त्याचा परिणाम कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या वाटेने होत नाही. त्याची एक प्रत असली की धोका पाव हिश्श्याच्या आसपास वाढतो. अगणित लोक तो घेऊन जगतात आणि त्यातल्या अनेकांना कधीच झटका येत नाही.

२०१६ साली अमित खेरा, शेखर कथिरेसन आणि सहकाऱ्यांनी पंचावन्न हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि बरा आहार, या चारांपैकी किमान तीन गोष्टी सांभाळणाऱ्यांत, जनुकीय धोका सर्वांत जास्त असूनही, झटक्यासारख्या घटना, तितकाच धोका असून त्या न सांभाळणाऱ्यांपेक्षा, जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या चाचण्या २०१५ साली जनुकांच्या अंगाने पुन्हा तपासल्या, तेव्हा जन्मजात धोका ज्यांचा जास्त, त्यांनाच गोळीचा लाभ जास्त झालेला दिसला.

इथे मला २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम आठवतो. जन्माने मागे ठेवलेल्यांसाठी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. जन्माने फरक पडतो हे त्यांनी नाकारले नाही. तो फरक अखेरचा मानायला नकार दिला, आणि जिथे उणे होते तिथे आधी हात दिला. जनुकीय धोक्याकडेही असेच पाहायला हवे. महाराज स्वतः ४७व्या वर्षी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत हृदयविकाराने गेले. त्या एका मृत्यूवरून कोणत्याही घराण्याच्या रक्ताविषयी बोलणे गैर; पण ते वय मनातून जात नाही. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतरांना ५९च्या सुमारास.

जनुकांची बेरीज करून धोका सांगणारे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहेत. आपल्या लोकांत ते तितके नेमके बसत नाहीत. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, ती म्हणूनच महत्त्वाची. पण आपल्यासाठी नेमके गुणांक तयार होईपर्यंत थांबायचे कारण नाही. चाळिशीतला माणूस झटका येऊन दाखल होतो, तेव्हा त्याची भावंडे वॉर्डाबाहेर बसलेलीच असतात. रुग्णाला घरी सोडण्याआधी त्यांचे आणि त्याच्या मुलांचे कोलेस्टेरॉल तपासले जावे. रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारे, मुख्यतः जनुकांवरून ठरणारे आणि जन्मभर फारसे न बदलणारे लायपोप्रोटीन-ए निदान एकदा मोजले जावे, आणि ते आकडे त्यांच्या हाती लिहून द्यावेत.