पाण्यात पडलं की पोहता येतं?

'पाण्यात पडलं की पोहता येतं' हे वाक्य मराठी घरात कुठेही चालतं. नवी नोकरी असो, लग्न असो, परगावी एकटं राहणं असो. माणसांच्या बाबतीत ते शब्दशः घ्यायचं नसतं, हे मात्र सगळ्यांना माहीत असतं. गावाकडे पोराला विहिरीत ढकलण्याआधी पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधतात आणि कुणीतरी काका-मामा आधीच पाण्यात उतरलेला असतो. कुत्र्यांच्या बाबतीत आपण ही काळजी घेत नाही. कुत्रं उपजतच पोहतं, असं आपण गृहीत धरलेलं असतं.

त्यात अर्धं खरं आहे. बहुतेक कुत्री पाण्यात पडताच पाय मारायला लागतात. पण पाय मारणं म्हणजे पोहणं नव्हे. घाबरलेलं कुत्रं पुढच्या दोन पायांनी पाणी बडवत राहतं, मागचं धड खाली जातं, अंग उभं होतं. मग ते पुढे सरकतच नाही, नुसतं दमतं. काठावरून बघणाऱ्याला ते गमतीदार वाटतं. अशा रील्सखाली हसण्याच्या इमोजींची रांग असते.

आणि सगळी कुत्री एका मापाची नसतात. लॅब्राडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करायचे, त्यामुळे लॅब्राडॉरला पाणी दिसलं की आवरावं लागतं. पगचं, बुलडॉगचं तसं नाही. डोकं जड, छाती रुंद, पाय आखूड आणि नाक जवळजवळ चेहऱ्यात गेलेलं. ते नाक पाण्यावर ठेवायचं तर मान मागे टाकावी लागते, आणि मान मागे गेली की मागचं अंग बुडतं. त्यात आधीच श्वास अपुरा. हे शरीर निसर्गाने घडवलेलं नाही. इंग्लंडमध्ये १८३५ साली बैलांवर कुत्री सोडण्याच्या खेळावर बंदी आली, बुलडॉगचं जुनं काम संपलं आणि पुढे प्रदर्शनांसाठी त्याचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या चपटं होत गेलं. आपल्याकडे पगची हौस वाढली ती २००३ नंतर, हचच्या जाहिरातीमुळे. त्यात तो एका मुलाच्या मागे मागे जाईल तिथे जातो. एवढं गोड कुत्रं आपल्याही मागे यावं असं अनेकांना वाटलं.

माझ्या मावसभावाकडे असाच एक पग आहे, लाडू. मुळशीजवळच्या एका फार्महाउसवर जायचं ठरलं तेव्हा भावाने जाहीर केलं, की लाडूला तलावात टाकायचं. मी म्हटलं, आधी शिकवू या. त्यावर तो म्हणाला, "अगं ताई, कुत्र्याला कुठे पोहायला शिकवावं लागतं!"

मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे 'टाकून बघू, मोडलं तर मागे घेऊ' ही रोजची पद्धत आहे. ती चालते, कारण मागे घेता येतं. कुत्र्याला बसलेली भीती अशी मागे घेता येत नाही.

पण मग जबरदस्ती कधीच करायची नाही का? इथे मला मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचे अमेरिकेतले प्रयोग आठवतात. १९६७ साली त्यांनी दाखवलं, की ज्या कुत्र्यांना काही केल्या न थांबणारे विजेचे झटके दिले होते, त्यांतली बरीचशी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही उठली नाहीत, पडून झटके खात राहिली. वाचताना राग येतो. पण त्याचा पुढचा भाग मला जास्त छळतो. अशा काही कुत्र्यांना हाका मारून, खाणं दाखवून उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांना दोरीने ओढून पलीकडच्या सुरक्षित बाजूला नेलं. पुन्हा पुन्हा. अखेर ती आपली आपण जायला लागली.

म्हणजे ओढणं कामी आलं. तलावात ढकलणं आणि हे ओढणं, दोन्हींत कुत्र्याची संमती नव्हती. तरी मला ती एक वाटत नाहीत. एकात त्याला बाहेरच्या वाटेपासून दूर फेकतात, दुसऱ्यात वाटेकडे नेतात. आणि ज्यांनी सोडवलं, त्यांनीच आधी ती दशा केली होती. पगच्या बाबतीत आपण माणसं त्याच जागी आहोत. त्याचं शरीर आपल्या हौसेसाठी बिघडवायचं आणि मग त्याने पोहून दाखवावं म्हणून टाळ्या वाजवायच्या. आपण त्याचं देणं लागतो ते मला पोहण्याचं वाटत नाही, बाहेर पडण्याचं वाटतं.

हे फक्त पगपुरतं नाही. जुन्नरकडे बिबटे विहिरीत पडतात. बिबट्या चांगला पोहतो, पण कठड्याला पायरी नसली तर पोहून पोहून किती पोहणार? वनखात्याची माणसं खाट नाहीतर पिंजरा खाली सोडतात. बिबट्याला पोहायला शिकवावं असं कुणाच्या मनात येत नाही.

लाडूला आम्ही तेच शिकवलं. पाठीवर धरायला पट्टा असलेलं जॅकेट घातलं. आधी नुसतं पहिल्या पायरीवर उभं केलं, पाणी पंजांपर्यंत. मग पोटाखाली हात धरून मागचं अंग वर उचलून ठेवलं, तोंड पायऱ्यांकडे, अंतर हातभर. बाहेर आला की अंग पुसायचं आणि पुरे. लांब धाप लागू द्यायची नाही, पाणी गिळू द्यायचं नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या कोपऱ्यातून. चौथ्या रविवारी मी त्याला मुद्दाम पायऱ्यांकडे पाठ करून धरलं. तो क्षणभर गोंधळला, मग वळला आणि बरोबर पायरीवर चढला. भाऊ खूश. लगेच म्हणाला, "आता जॅकेट काढू या." मी नाही म्हटलं. विहिरीतल्या पोराचा भोपळा एक दिवस सुटतो, लाडूचं जॅकेट सुटणार नाही. त्याच्या नाकाची लांबी सरावाने वाढत नाही. "मग शिकवलंस कशाला?" तो खरोखर वैतागला होता.

चुकून पडला तर, एवढंच त्याचं उत्तर. मजेसाठी पाण्यात उतरावं की नाही, हे लाडूने ठरवलेलं आहे. तो पहिल्या पायरीवर पोट भिजवून बसतो, त्याला तेवढंच आवडतं.

नॉर्वेत २०२२ साली ओस्लोच्या न्यायालयाने बुलडॉगच्या पैदाशीवर बंदी घातली होती. वरच्या न्यायालयाने ती त्याच वर्षी उठवली. कायद्याने हा गुंता लवकर सुटेल असं दिसत नाही, आणि तोवर प्रश्न विकत घेणाऱ्याकडेच राहतो. भावाला आता लाडूला सोबत म्हणून आणखी एक पग हवा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने पिल्लांचे फोटो पाठवलेत, नाकं लाडूपेक्षाही आत. मी त्याला सांगितलं, की त्यांच्याच सोसायटीच्या गेटवर तीन गावठी पिल्लं आहेत, लांब नाकाची, त्यांतलं एक घे. बघतो म्हणालाय.