बसून राहिलेल्यांचा आनंद



आपल्या खेड्यापाड्यांतून पुष्कळ घरी एक खाट अशी असते की, जिच्यावर घरातील सर्वांत वडील माणूस दिवसभर बसून असते. कोणाचे गुडघे धरलेले, कोणाचे मोडलेले हाड कसेबसे जुळलेले, कोणाची एक बाजू अर्धांगवायूने गेलेली. त्यांस वेळेवर भाकरी मिळते, औषध मिळते, धुतलेले लुगडे मिळते, आणि आपण समाधानाने म्हणतो, "ह्यांना आता काही करावे लागत नाही." आज ह्याच वाक्याचा विचार करावयाचा आहे. ज्यास काही करावे लागत नाही, तो सुखी असतो काय? आणि ज्यास चालता येत नाही, त्याच्या आनंदाचेही आपण देणे लागतो काय, की अन्नवस्त्र दिले म्हणजे आपण ऋणमुक्त झालो?

ह्याचा धडा मला घरातच मिळाला. माझ्या आईचे मांडीचे हाड मोडल्यावर तिचे चालणे दारापुरतेच राहिले. मी प्रेमाने घरात ताकीद दिली की, आईला कशासही हात लावू देऊ नये. तिच्यापुढचे डाळीचे सूप उचलले, लसणाची टोपली उचलली, अर्धी शिवलेली गोधडी गुंडाळून माळ्यावर टाकली. काही दिवसांत ती अबोल झाली, जेवण तुटले. मी विचारले, "आई, तुला काय कमी आहे?" ती म्हणाली, "कमी काही न्हाई रे बाबा. नुसतं पाहुण्यावाणी बसून ऱ्हायचं. पाहुणा तरी चार दिसांनी घरी जातो. मी कुठं जाऊ?" तेव्हा मला उमगले की, मी तिचे श्रम नव्हे, तर तिचे घरातील स्थानच काढून घेतले होते.

हा एका म्हातारीचा हट्ट होता, असे कोणी समजू नये. एलेन लँगर व जूडिथ रॉडिन ह्या दोन विदुषींनी अमेरिकेतील कनेटिकट प्रांतातल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांस सांगण्यात आले की, आपली खोली कशी मांडावी व वेळ कसा घालवावा, हे तुम्हीच ठरवावे. आणि प्रत्येकास आवडीचे रोपटे निवडू देऊन त्याची निगा त्याच्याच हाती सोपविली. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली. परंतु त्यांस पाणी परिचारिका घालतील व तुमची काळजी आम्ही वाहू, असे सांगितले. तीन आठवड्यांनी पाहता पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक आनंदी व अधिक उत्साही आढळली. रोपटी दोहोंकडे होती. पण एकीकडच्यांसच ती आपली वाटावी, अशी व्यवस्था होती.

असले रोपटे आपल्या घरीही लावता येते. पसरट टोपलीत माती घालून ती खाटेच्या उंचीवर ठेवावी व मेथी पेरावी. थोड्याच दिवसांत अंकुर दिसतो. भाजी केव्हा खुडावयाची, हे मात्र आजीनेच सांगावे. गोधडीला दृष्टी पुरत नसेल, तर नातवाने सुई ओवून द्यावी आणि कोणत्या चिंधीशेजारी कोणती बसवावी हे तिने ठरवावे. आजोबांशी सोंगट्या अथवा बुद्धिबळ खेळावे. पण दयेने मुद्दाम हरू नये, कारण खोट्या विजयासारखा दुसरा अपमान नाही. खाट मागच्या अंधाऱ्या खोलीतून ओट्यावर आणली, तर येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलता येते. हाही लहान आनंद नव्हे.

आणखी एक ठेवा आहे. पुष्कळ घरांतून जाते गेले. पण ओव्या म्हाताऱ्यांच्या ओठी राहिल्या आहेत. हेमा राईरकर व गी पॉयटव्हँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कोणा पंडिताने दिल्या नाहीत. गावातल्या बायांनीच दिल्या. आपल्या घरची आजी बसल्या जागी गाईल व नात वहीत उतरून घेईल अथवा मोबाईलवर ध्वनी साठवील, तर त्या घटकेस शिकविणारी आजीच असेल.

येथे कोणी म्हणेल, हे म्हाताऱ्यांस कामाला जुंपणे झाले. आक्षेप खरा आहे. म्हणून दोन कसोट्या ध्यानी ठेवाव्या. "आज नको" असे म्हणण्याची मोकळीक त्यांस असावी; आणि जे काम केले, त्याचा घरात खरोखर उपयोग व्हावा. निवडलेली डाळ त्यांच्या माघारी पुन्हा निवडली, तर ते काम नव्हे, फसवणूक होय.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. ज्याचे हातही गेले, त्याचे काय? माणसाचे मोल त्याच्या कामावरून ठरत असते, तर असा मनुष्य आपणांस भारच वाटला असता. पण आनंदाचे मूळ कामात नाही; आपल्या मताला अजून घरात किंमत आहे, ह्या जाणिवेत आहे. खिडकी उघडावी की लावावी, कोणते गीत ऐकावे, आज कोणाशी बोलावे, एवढे तरी त्यास विचारता येतेच. डोळ्यांच्या खुणेनेही उत्तर देता येते.

अमालेकाशी झालेल्या युद्धात मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी त्यास धोंड्यावर बसविले व दोहों बाजूंनी त्याचे हात वर धरले. त्याच्या हातचे कार्य काढून घेऊन "आता तू स्वस्थ बैस," असे त्यांनी म्हटले नाही. खरी सेवा ती हीच. आपल्या देशात आईबापांच्या व वृद्धांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. तो अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार मिळवून देऊ शकतो; पण मुलाने खाटेशी बसून आईचा सल्ला घ्यावा, असा हुकूम कोणतेही न्यायासन देऊ शकत नाही. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा मात्र तेथवर पोहोचते.

मी ती गोधडी माळ्यावरून खाली काढली. टाके वाकडे पडले. पण ती पुरी झाली, आणि थंडीत तीच आम्ही पांघरतो. वाचकहो, येत्या आठवड्यात आपल्या घरच्या अथवा शेजारच्या खाटेशी घटकाभर बसा. "तुम्हांला काय हवे?" एवढेच न विचारता, "आज काय करू या, तुम्हीच सांगा," असे म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.