'अतिरेक' आणि 'अतिरिक्त': 'किंग लिअर'च्या निमित्ताने

इंग्रजीतील 'एक्सेस' हा शब्द बाहेर पडणे, सीमा ओलांडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. 'सुपरफ्लुअस'च्या मुळाशी काठावरून वाहणे आहे. पहिल्यात मर्यादाभंगाचा आरोप गृहीत आहे, दुसऱ्यात केवळ भरून उरण्याची वस्तुस्थिती. मराठीत हा भेद एकाच संस्कृत धातूच्या दोन रूपांनी वाटून घेतला. ज्या 'रिच्' धातूपासून 'रिक्त' सिद्ध होतो, त्याच्यापासूनच 'अतिरेक' आणि 'अतिरिक्त'ही होतात. पण 'अतिरेक' हा दोषारोप ठरला आणि 'अतिरिक्त' हे प्रशासनाचे कोरडे विशेषण. त्यातही अतिरिक्त जिल्हाधिकारी हवा असतो, अतिरिक्त शिक्षक नको असतो. काय जास्त आहे हे शब्द सांगत नाही. ते मोजणाऱ्यावर ठरते.

१६०८ साली प्रथम छापल्या गेलेल्या 'किंग लिअर'मध्ये हा प्रश्न नाट्यवस्तूच्या गाभ्याशी आहे. दुसऱ्या अंकात मुली बापाच्या शंभर शिलेदारांची संख्या पन्नास, पंचवीस, दहा, पाच अशी उतरवत नेतात आणि अखेर एकाची तरी गरज काय, असे विचारतात. (शिलेदारांच्या दंग्याविषयीची गॉनरिलची तक्रार सर्वस्वी निराधार असेलच असे नाही.) लिअरचे उत्तर असे की, गरजेचा हिशेब मांडूच नये. अगदी दरिद्री भिकाऱ्यापाशीही काहीतरी 'सुपरफ्लुअस' असतेच. निसर्गाला लागते तेवढेच माणसाला द्यायचे, तर त्याचे जिणे पशूइतके स्वस्त होईल. तिसऱ्या अंकातील वादळात तोच लिअर उलट बोलतो: ऐश्वर्याने आपल्याकडचे जादा ते उघड्यावाघड्यांकडे झटकावे. चौथ्या अंकात आंधळा ग्लॉस्टर यालाच सूत्ररूप देतो. वाटपाने 'एक्सेस' नाहीसा व्हावा आणि प्रत्येकाला पुरेसे मिळावे.

येथे केवळ विसंगती पाहणारे वाचन अपुरे आहे. बदलला आहे तो मोजणारा. मुलींच्या अंकगणितात बापाची गरज त्या ठरवतात. वादळात ज्याच्यापाशी होते तोच आपले मोजतो. समोरच्या मुलीच्या भरजरी वस्त्राने तिला धड ऊबही मिळत नाही, हे लिअर दाखवून देतो. ते वस्त्र मात्र कुणी मोजायला काढलेले नसते.

खरी अडचण ग्लॉस्टरच्या 'पुरेसे' या शब्दात आहे. लिअरचे म्हणणे मान्य केले, तर पुरेशाच्या व्याख्येतच थोडे जादा अंतर्भूत होते, आणि नुसता शिधा वाटून माणूसपण राखले जात नाही. समन्यायी वाटपाचा विचार बहुधा याच ठिकाणी अडतो. म्हणून चौथ्या अंकातील सूत्र दुसऱ्या अंकातील आक्रोशाशी जोडूनच वाचावे लागते.

त्या प्रवेशात, हे भाषण होण्यापूर्वी, ग्लॉस्टर आपल्या वृद्ध कुळाला उघड्या टॉमसाठी काही पांघरूण आणायला सांगतो. मागितलेले असते ते 'काही'च. म्हातारा, पुढे व्हायचे ते होवो असे म्हणत, आपल्यापाशी असलेले सर्वांत चांगले कपडे आणायला जातो.