करीच्या दिवशी, बोकडाशिवाय

घाई नको. जेवण आटोपलं असेल, आणि ते मटणाचं असेल, तर उलट बरंच. पाठ टेकवा, श्वास त्याच्या चालीने चालू द्या आणि मनात पोळ्याचा दुसरा दिवस आणा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरात, जुन्या माणसांच्या तोंडी नेर परसोपंतात, श्रावण पोळ्याच्या अमावास्येला संपतो. खांदशेकणी झाली, बैलांना पुरणपोळी चारून झाली. आज कर. महिनाभर मटण न शिवलेली घरं सकाळीच खाटकाकडे निघालीत. काही घरं मिळून एक बोकड घेतात आणि वाटे घालतात. वाटे घालणाऱ्याचा हात नीट पाहा. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी चरबी, एखादी नळी, चिमूटभर वजडी. नळी कुणाकडे गेली यावरची कुरबुरही ऐका. आणि थोडं मागे, रक्त धुऊन काढलेली जागा आहे, तिच्याकडेही बघा. नजर वळवायची नाही. आज तेवढंच करायचं आहे.

आता हेच गाव तीस-चाळीस वर्षं पुढं न्या. करच आहे, पण बोकड नाही. दारव्हा रस्त्याला स्टीलच्या उंच टाक्या उभ्या आहेत. एका शेळीच्या मांडीतून सुईने काढलेल्या पेशी आत आहेत आणि ती शेळी कुठंतरी पाला खात मजेत आहे. टाकीत अंगाइतकी ऊब, साखर, क्षार, अमिनो आम्लं. पेशी दुप्पट होतात, पुन्हा दुप्पट होतात. (वीज गेली तर काय, हा प्रश्न नेरच्या माणसाला सगळ्यात आधी सुचेल. कल्पनेतलं गाव आहे, तिथं वीज जात नाही असं धरू.)

हे सगळं हवेतलं नाही. ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञाने अशा वाढवलेल्या पेशींच्या मांसाचा पहिला बर्गर लोकांसमोर खाऊ घातला. त्या एका बर्गरचा खर्च सुमारे अडीच लाख युरो. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने असं कोंबडीचं मांस विकायला परवानगी दिली, जून २०२३ मध्ये अमेरिकेने. तिथं परवानगी मिळालेल्या दोन कंपन्यांपैकी एकीचे सहसंस्थापक उमा वलेटी हे मूळचे विजयवाड्याचे हृदयरोगतज्ज्ञ. त्याच वर्षी इटलीने यावर बंदी घातली. आपल्याकडे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने २०१९ मध्ये या विषयाच्या केंद्राची घोषणा केली होती.

पुन्हा टाकीपाशी या. तिच्यात काय उगवत नाही? मुंडी नाही, पाया नाही, वजडी नाही, नळी तर नाहीच. मांसाचा जाड तुकडाही अवघड, कारण रक्तवाहिन्या नसल्या की मिलिमीटरच्या अंशापलीकडे पेशींना प्राणवायू पोचत नाही. म्हणजे त्या नेरात करीला घरोघरी खिमा. सगळ्यांना सारखा. कुरबूर संपली, आणि वाटे घालायचं कारणही संपलं.

आणखी एक गोष्ट मनात धरायची आहे, जड वाटेल. सुरुवातीची अनेक वर्षं या पेशी ज्या द्रवावर पोसल्या जात, त्यात कापलेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचा अंश असे. बैलाची पूजा करून एकच दिवस झालाय, म्हणून हे आजच आठवा. पुढे त्याविना चालणारे द्रव निघाले. २०२३ च्या जानेवारीत सिंगापूरने तशा मांसालाही परवानगी दिली. ओझं उतरवायला हरकत नाही. सावकाश उतरवा.

सुरी गेली, हे मला चांगलंच वाटतं. त्यात आढेवेढे नाहीत. पण या दयेचा धनी कोण, हे मला उमगत नाही. महानुभावांचं लीळाचरित्र जिथं लिहिलं गेलं ते रिद्धपूर इथून फार लांब नाही. त्या लीळाचरित्रात पारध्यांच्या तावडीतून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो आणि स्वामी त्याला अभय देतात. त्या सशाला पाय होते, धाप होती, जगायची घाई होती. टाकीतलं मांस कुणाच्या मांडीखाली येणार? आणि जो बोकड जन्मालाच येणार नाही, त्याच्यावर आपण दया केली म्हणायचं की त्याला नुसतं यादीतून वगळलं? उत्तर शोधू नका. प्रश्न जरा वेळ शेजारी बसू द्या.

आता शेवटी बांधावर या. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. त्यातल्या तीन इथं आहेत, आणि त्यांच्यामागे काठी घेतलेली एक बाई. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात, धुऱ्यावरचं तण खातात. ज्याला बाजारात भाव नाही तेच खातात. टाकीला साखर लागेल, वीज लागेल, कदाचित याच शिवारातलं सोयाबीनही. ते पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल, पण या बाईला सोयाबीन पेरायला रान नाही. नड पडली की ती पाट राखते आणि बोकड विकते. दवाखाना असो, पोरीची फी असो, बोकडावर भागतं. करीच्या आठवड्यात भावही बरा येतो. बोकड कुणाला नकोसा झाल्यावर तिने काय विकायचं?