अक्षराचा कर्ता कोण?

मराठी घरात वाईट अक्षराला सहसा क्षमा नसते. वहीत कुत्र्याचे पाय मांजराला लागलेले दिसले, की मूल आळशी, धांदरट नाहीतर बेफिकीर ठरते. या समजुतीमागे वजनदार नावे उभी करता येतात. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच्या अक्षराबद्दल खंत केली आणि वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानले. अक्षराला वळण हवे, हे दोघांचेही म्हणणे रास्तच आहे. पण वळण लागले नाही तर दोष लिहिणाऱ्याच्या वृत्तीचा, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. तो काढण्याआधी कोणतेही कर्म घडते कसे, हे पाहायला हवे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. असे असताना जो केवळ स्वतःला कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असेही पुढे म्हटले आहे. लिहायला अडखळणाऱ्या मुलाकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाहतो तेव्हा त्याची तपासणी जवळपास याच वाटेने जाते. पाय जमिनीला टेकतात का, पाठ आणि खांदा स्थिर राहतो का, हे अधिष्ठान. बोटांतली ताकद, डोळ्यांनी टिपलेला आकार हातातून उतरवण्याची क्षमता आणि पेन्सिलही, ही करणे. हालचालींचा क्रम आणि वेग म्हणजे चेष्टा. देवनागरीत ही चेष्टा सोपी नाही. गोलाई, दंडा, काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि वर शिरोरेषा, असा हात पुन्हा पुन्हा उचलून नेमक्या जागी टेकवावा लागतो; जोडाक्षरात तर अर्धा आकार मनात तोडून जोडावा लागतो. काही मुलांना हालचालींचा मेळ घालण्याची अडचण जन्मापासूनच असते. भाष्यकारांचे दैव याहून व्यापक आहे, पण मुलाच्या हाती नसलेले काही, एवढा अर्थ येथे पुरतो.

मोक्षशास्त्रातला श्लोक दुरेघी वहीवर आणणे हा अतिप्रसंग आहे, असे कोणी म्हणेल. पण शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे जे कर्म करतो, योग्य असो वा विपरीत, त्या सर्वांची कारणे हीच पाच, असे गीता स्वतः सांगते. त्यातून लिहिणे वगळायचे कसे? शिवाय या उपचारशास्त्राच्या नावातल्या ‘ऑक्युपेशन’चा अर्थ नोकरीधंद्यापुरता नाही. माणसाचा दिवस ज्या अर्थपूर्ण कृतींनी भरतो, त्या सगळ्या त्यात येतात. मुलाचे खेळणे, जेवणे, बटणे लावणे आणि लिहिणे, सारेच. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी भारतातले या शास्त्राचे पहिले विद्यालय सुरू केले. व्यवसायोपचार या शास्त्राच्या मराठी नावाला ‘कर्म’ हा शब्द ‘व्यवसाय’पेक्षा अधिक शोभला असता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारणे पाच वाटून दिली तर जबाबदारी कोणाचीच उरणार नाही आणि मुलाला आयती सबब मिळेल. अनुभवाचा पुरावा मात्र उलट आहे. अक्षर सुधारण्याच्या उपायांवरील अभ्यासांचा २०११ साली कॅनडातील संशोधकांनी आढावा घेतला. ज्या उपायांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता किंवा वीसपेक्षा कमी सत्रे होती, ते निष्फळ ठरलेले दिसले. नुसती माती मळून किंवा मणी ओवून अक्षर सुधारत नाही, गिरवावे लागतेच. म्हणजे अभ्यास सुटत नाही, फक्त तो कुठे लावायचा हे कळते. मोठ्यांचा आग्रह अनेकदा भलतीकडेच असतो. पेन्सिल ‘अशीच’ धर, हे बजावण्यात घरे दमतात. पण २०१२ साली चौथीच्या मुलांच्या पाहणीत चार प्रचलित पकडींमध्ये सुवाच्यतेचा वा वेगाचा फरक आढळला नाही. रागावणे तर केवळ कर्त्यावर पडते, उरलेली चार कारणे जागची हलत नाहीत.

कीबोर्ड आल्यावर हा खटाटोप हवाच कशाला, असेही विचारले जाते. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवरील एका प्रयोगात, हाताने काढलेली अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी निगडित भाग अधिक जागे झाले. टंकलेल्या अक्षरांनी तसे घडले नाही. तेव्हा हाताला संधी द्यायलाच हवी. पण प्रामाणिक सराव करूनही ज्याचा हात साथ देत नाही, त्याला कीबोर्ड, लेखनिक किंवा जादा वेळ देणे ही मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लेखन-अक्षमतेचा समावेश विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये केला, तो याच न्यायाने. गांधीजींनी स्वतःला दोष दिला, कारण सुंदर अक्षर शिक्षणात अनावश्यक असा समज त्यांनी विद्यार्थिदशेत करून घेतला होता. तिथे चूक खरोखर कर्त्याची होती. मुलांसाठी मात्र त्यांनी उपदेश सुचवला नाही. आधी चित्र काढायला शिकवा, मग अक्षर, असे ते म्हणाले. स्वतःचा हिशेब मांडताना त्यांनी कर्त्याला धरले आणि मुलाचा मांडताना हाताची तयारी पाहिली. वही तपासणाऱ्या मोठ्यांना निदान हा क्रम पाळता येईल.