गर्भस्राव आणि कर्तेपण

गर्भ गळून गेल्यावर घराघरांत जी चौकशी सुरू होते तिच्यात फिर्यादी अनेक आणि आरोपी एकच असतो. जड हंडा उचलला, पपई खाल्ली, नाहीतर पूर्वजन्मी कुणाचे तळतळाट घेतले, असे दाखले एकामागून एक पुढे येतात, आणि ती शोकाकुल स्त्री स्वतःची कैफियत न मांडता सारे मुकाट्याने कबूल करते. वस्तुतः पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भस्रावांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो, आणि तो बहुधा कुणाच्याही वर्तनावाचून, आकस्मिकपणे उद्भवलेला असतो.

अपराधाचे तेच ओझे ती उपचाराच्या निवडीतही वाहते. पिशवी आपोआप मोकळी होण्याची वाट पाहावी, गोळ्या घ्याव्यात, की पिशवी साफ करून घ्यावी, असे डॉक्टरांनी विचारताच पुढच्या अपत्याचे भवितव्य आपल्या एका शब्दावर लटकले आहे असे तिला वाटते. ही भीती अगदीच निराधार नव्हे. गर्भाशय खरवडल्याने आतील भित्ती परस्परांस चिकटून वंध्यत्व येऊ शकते, हे स्त्रीरोगतज्ज्ञ जोसेफ अशरमन यांनी मांडले. वारंवार क्युरेटिंग झाल्यास हा धोका वाढतो, आणि म्हणूनच आता खरवडण्यापेक्षा शोषणयंत्र बरे मानतात. तथापि इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचा जो पाठपुरावा 2009 साली प्रसिद्ध झाला, त्यात तिन्ही मार्गांनी गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 80 टक्के स्त्रियांना पाच वर्षांच्या आत जिवंत अपत्य झाल्याचे आढळले. मार्गामार्गांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. अतोनात रक्तस्राव किंवा ताप असेल तर वाट पाहत बसू नये, हे मात्र खरे.

सारे आपल्याच हातून घडते या समजाबाबत सांगायचे तर, गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्यास तिथे दुर्मती म्हटले आहे. आपले प्रवचनकार हे वचन यशाने फुगलेल्यांना ऐकवतात. परंतु ‘माझ्याचमुळे गेले’ हा टाहोदेखील त्याच अहंकर्तृत्वाचा, दुःखाने काळवंडलेला, प्रकार नव्हे काय? कर्मविपाकाचे ग्रंथ रोगांची मुळे पूर्वजन्मीच्या पातकांत शोधतात खरे, पण जिला तो जन्म आठवत नाही तिला साक्षीपुराव्यावाचून दोषी ठरविण्यात कसला आला धर्म?

सुश्रुताने तर गर्भच्युतीची तुलना कृमी, वारा वा आघात यांनी अकाली गळणाऱ्या फळाशी केली, आणि त्या उपमेत झाडाला बोल लावला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जितके महिने गर्भ राहिला तितक्या रात्रींनी शुद्धी सांगितली आहे. अशौचाची ती कल्पना आज पुष्कळांना पटणार नाही, मलाही पटत नाही. परंतु त्या वचनात मुदत आहे, प्रायश्चित्त नाही.