लांबलेली रोपं

मी नववीत होतो. मे महिना सरत आला होता. आबांनी विहिरीजवळच्या तुकड्यात टोमॅटोचे दोन गादीवाफे केले. माती भुसभुशीत केली, कुजलेलं शेणखत मिसळलं, बोटानं रेघा ओढून बी टाकलं आणि वर उसाचं पाचट पांघरलं. "कोंब दिसला की त्याच दिशी सांजच्याला पाचट काढायचं. इसरू नगंस," एवढं बजावून आबा बैल घेऊन मामाच्या गावी नांगरटीला गेले.

सातव्या दिवशी कोंब दिसले. मी पाचट काढलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन-दोन पानांवर ऊन आग ओकताना बघितलं आणि जीव कळवळला. चार मेढी रोवल्या, वर जुनी बारदानं ताणून बांधली. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं. पानं फिकी वाटली म्हणून चिमूट-चिमूट युरियाही दिला. रोपं बघता बघता शेजारच्या वाफ्यातल्या रोपांच्या दुप्पट उंच झाली. मी हरखून गेलो.

आबा आले आणि त्यांनी बारदान उचललं. देठ सुतळीसारखे झाले होते. एका पानापासून दुसरं पान लांब पडलं होतं. बारदानाला पूर्वेकडं फट होती, सगळ्या रोपांनी तिकडं माना टाकल्या होत्या. आबा म्हणाले, "वाढलीत कुठं? नुसती लांबलीत." आणि भर दुपारी त्यांनी सगळी बारदानं ओढून फेकली. सांजेपर्यंत अर्धी रोपं आडवी झाली. पानांच्या कडा कागदासारख्या पांढऱ्या पडल्या.

माझी चूक मायेची होती, आबांची रागाची. रोपांना दोन्ही सारख्याच बाधल्या.

उरलेली रोपं चुलत आजीनं वाचवली. तिनं आधी बारदानं परत टाकायला लावली. मग रोज सकाळी कोवळ्या उन्हात तासभर उघडी, दुसऱ्या दिवशी दोन तास, पुढं संध्याकाळचंही ऊन. असं आठवडाभर चाललं. दाटीतली रोपं तिनं उपटली नाहीत, नखानं बुडाशी खुडली, म्हणजे शेजारणीची मुळं हलत नाहीत. युरिया बंद. पाणी माती सुकल्यावरच. आणि दिवसातनं दोन-तीनदा, पानं कोरडी असताना, शेंड्यांवरून हलकाच तळवा फिरवायचा. "वाऱ्यानं हालल्याबिगर देठात बळ येत न्हाई," ती म्हणायची. हलवलेलं रोप आखूड आणि जाड होतं, हे पुढं शास्त्राच्या पुस्तकातही वाचलं. तिनं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं.

लावणीच्या वेळी मी विचारलं, "ह्ये लांब देठ आता आखूड कसं व्हायचं?" ती म्हणाली, "व्हत न्हाईत. जे लांबलं ते लांबलं." मग तिनं खालची पानं खुडली, सरीत रोप तिरकं निजवलं, देठ मातीनं झाकला आणि फक्त शेंडा वर ठेवला. टोमॅटोच्या गाडलेल्या देठाला मुळ्या फुटतात. वांग्या-मिरचीला हा उपाय तितका लागू पडत नाही, त्यांना आधीपासूनच जपावं लागतं.

पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं, अंधारातलं रोप आळशी नसतं. बियाण्यातली शिदोरी ते पानांवर, मुळांवर खर्च न करता सगळी देठावर लावतं. कसंही करून उजेड गाठायचा असतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांच्या शेंड्यांना टोप्या घालून पाहिलं होतं. शेंडा झाकला की कोंब उजेडाकडं वळेना. 1880 च्या त्यांच्या पुस्तकात ते आलं आहे. ते वाचताना मला आमचं देवघर आठवलं. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात. देवघराच्या अंधारात नऊ दिवसांत पिवळेधमक, लांब कोंब येतात, आणि दसऱ्याला आपण ते टोपीत खोवतो. तीच वाढ देवघरात कौतुकाची आणि वाफ्यात नालस्तीची. कोंबानं मात्र दोन्हीकडं एकच काम केलेलं असतं.

मग दुबळेपणाचा दोष कुणाचा? हा प्रश्न मला रोपांपेक्षा माझ्या धाकट्या भावामुळं जास्त छळतो.

त्याला लहानपणी धाप लागायची. आईनं त्याला माजघरात वाढवला. धूळ नको, पाऊस नको, पोरांत खेळणं नको. तो उंच झाला, पांढराफटक झाला. गल्लीतली पोरं त्याला 'काडी' म्हणायची. तो सहावीत असताना तालुक्याच्या वसतिगृहाचा अर्ज मीच आणला. आजीचा वाफा मी डोळ्यांनी बघितला होता, तरी मला वाटलं, पोरगं एकदा बाहेर पडलं की आपोआप घट्ट होईल. आई रडली, आबांनी सही केली. तीन आठवड्यांनी तो तापानं फणफणून परत आला. पुन्हा शाळेत गेलाच नाही. आज तो गावच्या दूध डेअरीत हिशेब लिहितो. अक्षर मोत्यासारखं आहे. ते बघितलं की मला आत कुठंतरी टोचतं.

बरीच वर्षं मी आईच्या सावलीला दोष देत आलो. तसं करणं सोपं होतं. सावली देणाऱ्याला वाटतं आपण जपतोय. पण तो पुष्कळदा स्वतःच्या भीतीला जपत असतो. हे खरं आहे. पण बारदान हिसकणाराही स्वतःच्याच घाईला जपत असतो, हे मी सोयीनं विसरलो. माझा भाऊ 'काडी' आहे याची लाज मला वाटत होती. अर्ज आणताना त्याचं भलं माझ्या मनात किती होतं आणि माझी लाज किती, याचं माप मला आजही घेता येत नाही.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं परसात टोमॅटो लावत होतो. रोपवाटिकेतनं आणलेली रोपं चार दिवस ट्रेमध्येच पडून लांबली होती. तो आजीसारखाच देठ निजवून माती ओढत होता. मी धीर करून विचारलं, "त्या टायमाला आईनं तुला एवढं कोंडायला नको होतं, न्हाई?"

तो मान वर न करता म्हणाला, "आण्णा, सावली वाईट नव्हती. मला धाप लागायची, खरंच लागायची. पर ती एका दिसात काढलीसा. आणि काढताना मला कुणी इचारलं न्हाई."

रोपाला विचारता येत नाही, म्हणून आजी रोज वाफ्यावर बसून बघायची. पानं माना टाकतात का, उभी राहतात का, यावर उद्याचं ऊन ठरवायची. भावाला तर तोंड होतं. पण ना आईनं विचारलं, ना आबांनी, ना मी.

मी काही बोललो नाही. सरी संपेपर्यंत तो रोपं देत गेला, मी माती ओढत गेलो. आठ-दहा दिवसांनी त्यानंच हाक मारून दाखवलं. एका रोपाभोवतीची माती बोटानं बाजूला केली. गाडलेल्या देठाला पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या. त्यानं माती परत नीट झाकली, आणि सायकल काढून डेअरीवर गेला.